पालकाची संमती

गळा माझा गोड होता, हे आधीच सांगून टाकते. फुशारकी वाटली तर वाटू द्या. सत्तरच्या दशकात हसनाबादजवळच्या आमच्या गावी सरकारी शाळेत रोज सकाळी सरस्वतीची प्रार्थना व्हायची. ओट्यावर खुर्ची, खुर्चीवर हार घातलेला फोटो, आणि शेजारी उभी मी. एक ओळ मी सांगायची, ती सगळ्या शाळेनं माझ्यामागून म्हणायची. एरवी आम्हा बौद्ध वस्तीतल्या पोरींकडं कोण बघतंय! पण तेवढ्या वेळापुरती पाटलांची पोरंसुद्धा माझ्या तोंडाकडं बघायची. सरस्वतीशी मला काही देणंघेणं नव्हतं. मला तो ओटा आवडायचा.

माझे वडील ग्रामसेवक होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दीक्षा घेतल्यावर घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. राज्यघटनेवर त्यांचा फार जीव. भाजीत मीठ कमी पडलं अन् ते काही बोलले, की माय म्हणायची, “बघा, त्याचंबी कलम असंल एखादं.”

एक दिवस दादा मला घेऊन मोठ्या गुरुजींपुढं जाऊन उभे राहिले.

“सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोण्या एका धर्माची पूजा बसत न्हाई, गुरुजी. आन् पोरीवर सक्ती तर करताच येत न्हाई. पालकाची संमती लागती. माझी न्हाई.”

गुरुजी भला माणूस. “बराबर हाय, भाऊसाहेब. सक्ती बिलकुल न्हाई,” ते म्हणाले, आणि शब्दाला जागले. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थनेच्या वेळी मला शाळेच्या मागच्या भिंतीआड थांबायला सांगितलं. प्रार्थना संपली की राष्ट्रगीताला परत रांगेत यायचं. घटनेचा असा अर्थ आमच्याच गावात निघू शकतो. फोटो बाहेर काढा म्हणून सांगायला गेलो होतो. फोटो जागच्या जागी राहिला, बाहेर निघाले मी.

दादा शिक्षण खात्यातल्या वरच्या साहेबांनाही भेटून आले. साहेब म्हणाले, तुमची तक्रार सक्तीची होती ना, मग सक्ती तर गेली. त्या दिवशी मायनं दादांपुढं ताट सरकवलं आणि म्हणाली, “तुमचा कायदा जितला. पोरगी भायेर हाय.” दादा त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

भिंतीपलीकडं आता दुसरी मुलगी प्रार्थना सांगायची. तिचा सूर रोज दुसऱ्या ओळीला घसरायचा आणि इकडं माझा जीव खालीवर व्हायचा. शब्द धड कळायचे नाहीत, चाल तेवढी यायची. मी ओठ मिटून ती धरायची. कुणी येऊन म्हणावं, चल, तुझ्याशिवाय जमत नाही, असं मला रोज वाटायचं.

आणि खरंच कुणी आलं. शाळेची तपासणी जवळ आली होती. मोठे गुरुजी पहिल्यांदाच आमच्या वस्तीत, आमच्या घरी आले, बाजेवर बसले, मायच्या हातचा चहा प्यायले.

“भाऊसाहेब, तेवढ्या दिवसापुरतं पोरीला म्हणू द्या. तिच्याबिगर प्रार्थना पडून राह्यली.”

कायद्यानं हो-नाही दादांच्या हातात होतं. कलमात पालकाची संमती लिहिली आहे, पोरीची नाही. पण दादा माझ्याकडं वळले. “तुला म्हणायचं हाय का? तुझ्या मनाचं सांग.”

मला इतकं म्हणायचं होतं, की पहिली ओळ ओठांवर येऊन थांबली होती. दादा मात्र माझ्याकडं बघत नव्हते. ते चपलेच्या तुटक्या अंगठ्याकडं बघत होते. साहेबांकडून परत आले, त्या दिवशीही असेच बसले होते.

“न्हाई,” मी म्हणाले.

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि ते गेले. माझ्यावर कुणीच सक्ती केली नव्हती.

पुढं मी वकील झाले. दादांचं ते कलम कोर्टात कधी कामाला आलं नाही. म्हातारपणी दादा माझ्याकडं जालन्याला राहायचे. एका संध्याकाळी आम्ही गच्चीत बसलो होतो, तेव्हा ते एकदम म्हणाले, “ते म्हण बरं. शाळेत सांगायची ते.”

मला आधी कळेना. मग कळलं, आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले.

“शाळेबाहेरच्या लिंबाखाली सायकल थांबवून ऐकायचो मी,” दादा म्हणाले. “रोजच. लई गोड म्हणायची तू. मंग वाटलं, असंच ऐकत राह्यलो तं एक दिवस त्या फोटोविरुद्ध मला बोलताच येणार न्हाई. म्हणून गुरुजींकडं गेल्तो.”

मी सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी आली. पुढचे शब्द काही केल्या आठवेनात. ती शाळा सोडेपर्यंत मी भिंतीआडून नुसती चालच ऐकली होती.

“ऱ्हाऊ दे शब्द,” दादा म्हणाले.

मग मी नुसती गुणगुणत राहिले. दादा डोळे मिटून ऐकत होते. आणि केस पिकलेल्या मला, त्या वयात, सगळ्या शाळेपुढं त्या ओट्यावर परत उभं राहायचं होतं.