चार टॅब आणि एंटर

दर शनिवारी सकाळी मी अंध वाचकांना एक मेल पाठवतो. कोणत्या बँकेचं ॲप आता नीट बोलतं, कोणतं अपडेट घेऊ नये, मराठी वाचणारा बरा आवाज फुकट कुठे मिळतो, अशा बातम्या त्यात असतात. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हाच आमचा आधार. तो जे वाचत नाही ते आमच्यासाठी नसतंच.

मी तालुक्याच्या गावात शिकलो. गुरुजींनी धडे कॅसेटवर वाचून दिले, म्हणून घरातला पहिला पदवीधर झालो. पुढे बेळ्ळंदूरच्या एका कंपनीने मला घेतलं. सॉफ्टवेअर अंध माणसाला वापरता येतं का, हे तपासायचं काम. त्या कंपनीचे उपकार मला रोज आठवत. अजूनही आठवतात, पण आता तोंड कडू होतं.

कंपनीने नोकरीच्या ऑनलाइन परीक्षांसाठी एक सॉफ्टवेअर केलं. मी ते कितीतरी महिने तपासत होतो. शेवटच्या पानावर चार वेळा टॅबची कळ, म्हणजे चौथ्या बटणावर, मग एंटर, की पेपर जमा. बोटांना पाठ झालं होतं. आवाज मी सगळ्यात जास्त वेगावर ठेवतो, आणि पुढची कळ दाबली की त्याचं आधीचं बोलणं तुटतं. अखेरची आवृत्ती आली तेव्हाही मी चार टॅब मारले, एंटर केलं. पेपर जमा झाला. रिपोर्टमध्ये ‘पास’ लिहिलं, आणि शनिवारच्या मेलमध्ये लिहिलं, ‘कुणाच्याही मदतीशिवाय ही परीक्षा देता येते. निर्धास्त बसा.’

पुढच्याच आठवड्यात माझा मेल वाचणाऱ्या जे. पी. नगरच्या अक्कांचा फोन आला. त्यांचं मराठी घराणं इथे कानडी मुलखात कित्येक पिढ्यांचं, त्यामुळे बोलण्यात कानडी मिसळलेलं. मला त्या तम्मा म्हणतात, धाकटा भाऊ. टेलिफोन ऑपरेटर होत्या. ऑफिसने टेलिफोनचा बोर्डच काढला आणि त्या घरी बसल्या. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात जागा निघाली होती आणि परीक्षा आमच्या सॉफ्टवेअरवर होती.

“तम्मा, तुझा मेल वाचून बसले रे मी. भाची म्हणाली, शेजारी बसते. म्हटलं, नको. तम्माने लिहिलंय, मदत लागत नाही.”

“मग?”

“प्रश्न सगळे झाले. शेवटच्या पानावर आवाज म्हणतो, बटण. पुढे गेले, बटण. आणखी पुढे, बटण. नाव एकालाही नाही. वेळ स्वल्प राहिला होता. दाबलं एक.”

“कोणतं, अक्का?”

“ते तू सांग. पेपर रद्द झाला म्हणून ऐकू आलं.”

फोन ठेवून मी आवाज हळू केला आणि एकेक टॅब मारत गेलो. बटण. बटण. बटण. बटण. कुणीतरी बटणांवरची अक्षरं काढून चित्रं बसवली होती आणि त्यांना नावं दिली नव्हती. तिसरं बटण पेपर रद्द करण्याचं. चौथं जमा करण्याचं. मला ऐकण्याचा पगार होता आणि मी ऐकलं नव्हतं.

साहेब पुण्याचे. “पुढच्या रिलीजला नावं टाकू रे,” ते म्हणाले.

“त्यांची परीक्षा परत घ्या, असं कारखान्याला कळवता येईल?”

“कळव. ते विचारतील, तपासलं कुणी? रिपोर्टवर पास कुणी लिहिलंय?”

“मी.”

“मग कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस? आणि हे तुझ्या त्या मेलमध्ये नको.”

गावात वडील अजून भेटेल त्याला माझ्या कंपनीचं नाव सांगतात. मी कारखान्याला कळवलं नाही. त्या शनिवारी मेलमध्ये दुसऱ्याच बातम्या दिल्या. दोन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली, तेव्हा एक ओळ लिहिली, ‘परीक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये आता बटणांना नावं दिली आहेत.’ ओळीत खोटं काही नव्हतं.

अक्कांचा फोन आला. “वाचलं. आता नावं आहेत म्हणे.”

“हो, अक्का.”

“ती जागा भरली रे.”

“अक्का, चूक माझी होती. मी घाईत ऐकलंच नाही.”



“सरी, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “मेल पाठवत जा तू. पण आता काही करायचं झालं की मी आधी भाचीला बसवते. तिला दिसतं.”