आमच्या घराला जिनाच नाही

त्यानं माझे केस धरले. वॉर्डात, सगळ्यांसमोर. पोरगी अंगावर पीत होती, नऊ म्हैन्यांची, तिचं तोंड सुटलं आणि किंचाळली ती.

"अंगठा लाव म्हणलं ना! तुमच्या लोकांना नुसतं फुकटचं पायजे."

कंत्राटदाराचा सुपरवायजर. कारण काय, तर मी एवढंच म्हणलं होतं, "भाऊ, आमच्या घराला जिनाच नाय."

कागदावर लिहिलं होतं, घरी जिन्यावरून पडून हाताला इजा. मी सातवी शिकलेय. सही येते मला. पण त्यानं पेन आणलाच नव्हता, शाईचं पॅड आणलं होतं. आमची बैठी खोली, वर पत्रा. जिना कुठला? तळोज्याच्या कंपनीत मिक्सरनं माझ्या नवऱ्याचा उजवा हात मनगटापासून नेला. चार दिवस झाले होते.

एक चूक मी आधीच करून बसले होते. पहिल्या दिवशी हाच माणूस आला, वहिनी वहिनी करत. गेटपास आणि युनिफॉर्म जमा करा, कंपनीचा माल आहे म्हणला. युनिफॉर्म रक्तानं कडक झालेला. असा कसा द्यायचा, मला लाज वाटली. दवाखान्याच्या मोरीत घासून धुतला, वाळवला, घडी करून दिला. पुरावा होता तो. मीच धुतला.

शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची बायको, घणसोलीची, तिनं कपाळावर हात मारला. "धुवून दिलास? येरी का खुली गो तू! आता कागूद आनतील. वाचल्याबिगर हात नको लावू. घरान परला लिवला तं इम्याची जल्माची पेन्शन गेली. कामाव लागला तरच भेटते."

म्हणून वाचलं. एकेक अक्षर.

नवरा कॉटवरनं रडत होता. "लाव गं. वॉचमनची नोकरी देतायत."

सुपरवायजरनं केस सोडले, माझा अंगठा धरला, पॅडवर दाबला. हाड मोडतंय असं वाटलं. कागदाकडं ओढला. मी त्याच्या मनगटाला चावले. सोडलंच नाही. तोंडात रक्ताची चव आली. त्यानं कानाखाली मारली, दुसरी मारली, कानात शिट्टी वाजायला लागली. पोरगी म्हातारीनं ओढून घेतली. मी कागद हिसकावला आणि ब्लाऊजमध्ये कोंबला. फाडला नाही. खोटं त्यानं लिहून आणलं होतं, ते आता माझ्याकडं होतं.

"दे तो कागद!"

"मार. कागद नाय मिळणार."

म्हातारी उठली. "ये रं मुरद्या, माजेवं पन हात टाक! बघते तुला!"

नर्स धावली, वॉचमन आले. जाताना तो म्हणला, "उपाशी मरशील."

नवरा दोन दिवस एकच घोकत होता. नोकरी घालवलीस म्हणला. मी पोरीला घेऊन कामगार विम्याच्या ऑफिसात गेले. साहेबानं वर बघितलं पण नाही, "कंपनीचा अपघात रिपोर्ट आणा." मी त्याच्या टेबलावर तो कागद ठेवला. म्हणलं, हे खोटं आहे, खरं मी लिहून देते. अर्ज मीच लिहिला. अक्षर वाकडं आलं. अर्जावर शिक्का मारून घेतल्याशिवाय उठले नाही.

आता विम्याच्या डॉक्टरांचं बोर्ड बसेल. कंत्राटदाराचे लोक दारात रात्रंदिवस माणसं उभी करतील, पोरीचं नाव घेऊन धमक्या देतील. घाबरते मी. पण नवऱ्याचा हात कंपनीत गेला. बोर्डासमोर हेच, कोर्टात हेच, माझा गळा दाबला तरी हेच. ज्याला माझ्याकडनं दुसरं काही वदवून घ्यायचंय, त्यानं आधी मला मारून टाकायचं.