लाल गाडी, पांढरी गाडी आणि झेंडूचे हार

जुन्या गाड्यांच्या रॅलीत आमच्या घराला जागा मिळाली एकच, आणि घरात गाड्या दोन. झालं, तिथून जी ठिणगी पडली ती पडली.

पांढरी गाडी आमच्या ह्यांची. दोन दारांची, कधीकाळी कुणा शौकिनाची स्पोर्ट्स गाडी. भंगारात निघालेली ती ह्यांनी तेलगावच्या शेतावर आणली आणि उसातून, कापसातून वेळ काढून स्वतःच्या हातानं उभी केली. इंजिन जुनंच ठेवलं. रेडिएटर मोठा बसवला, स्प्रिंगा कडक केल्या, दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा ठोकला.

लाल गाडी माझ्या धाकट्या दिराची, पुण्याहून तयार आणलेली. तिच्यात दुसऱ्याच गाडीचं दांडगं इंजिन घातलेलं, टायर रुंद, आणि बूड एवढं खाली की गतिरोधक दिसला की आत बसलेली मीच पाय वर उचलायचे. आवाज मात्र असा की हॉटेलातली माणसं चहा टाकून बाहेर यायची.

दीर राजकारणातले. "वहिनी, ते डबडं घिऊन गेलो तर लोक हसतील. लाल गाडी जाईल, मी चालवीन, विषय संपला," ते म्हणाले.

"कावून? का म्हणून संपला?" मी म्हणलं. डबडं म्हणल्याबरोबर माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

ह्यांच्या मणक्याचं दुखणं निघालं होतं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. म्हणजे पांढरी न्यायची तर चालवणार मी, हे शेजारी बसून घड्याळ आणि नकाशा बघणार. माहेरी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ट्रॅक्टर शिकवला होता तो पार नांगरटीसकट, त्यामुळं भीती कसलीच नव्हती. यंदा ही गाडी गेली नाही तर हे तिच्यावरची ताडपत्री परत काढणार नाहीत, एवढं मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं. आणि खरं सांगू, मलाही ती चालवायचीच होती. लई चालवायची होती.

शेवटी सासऱ्यांनी तोड काढली. पालीपासून चौसाळ्यापर्यंत दोन्ही गाड्या रॅलीच्या नियमानं आणायच्या. रॅलीत पहिलं येऊन उपयोग नसतो, नेमून दिलेल्या वेळेलाच पोचावं लागतं. लवकर आलात तरी चूक, उशीर केलात तरी चूक. "जो टायमावर यील त्याची गाडी जाईल," असं सांगून ते चौसाळ्यात रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

दीर आधी निघाले, मागून आम्ही. पाली सोडतो न सोडतो तोच बघते तर लाल गाडी उभी आणि भोवती ही गर्दी! दिरांच्या कार्यकर्त्या पोरांनी सत्कार ठेवला होता. आमच्या भागात पुढाऱ्यानं सत्काराला नाही म्हणणं कुठं ऐकलंय का? शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. मग गाडीचा मान. दंडाएवढे जाड झेंडूचे हार त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीवर एकावर एक चढवले.

आम्ही शांतपणे पुढं निघालो. थोड्या वेळानं लाल गाडी हॉर्न वाजवत, कानठळ्या बसवत आमच्या पुढं गेली. माझा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"हळू," हे म्हणाले. "आपल्याला टाइम गाठायचाय, भाऊ न्हाई."

घाटात अर्ध्यावर लाल गाडी परत दिसली. बॉनेट उघडं, आतून वाफेचा लोट, आणि दीर शालीनं वारा घालतायत! वारा शिरायचा तिथं झेंडू कोंबलेला, वर चढावर इंजिन पिळलेलं. तापणार नाही तर काय होणार? मी काच खाली करून ओरडले, "भाऊजी, हार काढा आधी!" ह्यांना मणका विसरून हसू फुटलं.

पण माझं हसू फार टिकलं नाही. मांजरसुंबा मागं पडल्यावर माझं माहेर लागतं. तिथं रस्त्याच्या कडेला दादा उभे होते, हातात हार घेऊन.

"थांब, दादा हायेत," हे कासावीस झाले. जावयानं सासऱ्यासमोरून न थांबता गाडी काढायची म्हणजे काय! "तेवढा हार घिऊ, निघू."

"टाइम बघा," मी म्हणलं आणि एकदा हॉर्न वाजवून तशीच पुढं गेले. आरशात दादा लहान लहान होत गेले. मला रडू आलं, अगदी घळाघळा. पण गाडीचा वेग मी तसूभर हलू दिला नाही.

चौसाळ्यात सासऱ्यांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं, आणि खुर्चीवरून उठले. "टायमावर! पांढरी जाईल. अन् चालवणार ही." आमचे हे बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. डोळे भरले होते त्यांचे. मला असा आनंद झाला म्हणून सांगू, भर रस्त्यात फुगडी घालावी वाटली.

तेवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून दादा आले. मी खाली मान घातली.

"तुला काय वाटलं, मी सत्काराला उभा होतो?" दादा म्हणाले. त्यांना जन्मभर शर्यतीच्या बैलांचा नाद. "बैल पक्का झाला का बघायचं तर आपण वाटंत उभं ऱ्हायचं. आपल्याकडं वळला की समजायचं, अजून कच्चा हाय."

"म्हंजे मी बैल का?"

"वळली न्हाईस माय," दादा म्हणाले आणि हार माझ्या गळ्यात घातला.

सगळ्यात शेवटी टेम्पोत बसून दीर आले. डोक्यात झेंडूच्या पाकळ्या, शर्ट घामानं भिजलेला. घरी परत निघायला मी स्टेअरिंगकडचं दार उघडलं, तशी त्यांनी एकदा पांढऱ्या गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दार धरून उभे राहिले.

"बसा वहिनी," ते म्हणाले. "पण हार काढा आधी."