चारुदत्तची मूठ

कचेरीतल्या चारुदत्त जोगळेकराचं कुणाशी धड पटत नसे, पण त्याच्या बॅडमिंटनच्या रॅकेटची मूठ मात्र बघावी अशी. करंगळीचं पेर कोयत्याने गेलेलं, म्हणून तिथे त्याने सुतळीचा वेढा देऊन उंचवटा केला होता. त्यावर जुन्या धोतराची पट्टी आणि वर काळी ग्रिप. हात घामाने कितीही थबथबला तरी ती मूठ तसूभर हलायची नाही. मुलीने, सावनीने, एकदा रॅकेट मागितली तर म्हणाला, "पोरखेळ नाही हा."

२००२च्या मे महिन्यात त्या ग्रिपवर अंगठ्याजवळ नवी झीज दिसू लागली. रॅकेट क्लबच्या कपाटात असे आणि किल्ली तिथल्याच एका खेळाडूकडे, उन्मेषकडे. येत्या रविवारी सामना होता तोही उन्मेषशीच. चारुदत्तला आणखी पुरावा कशाला हवा?

"चोरून खेळतोस माझ्या रॅकेटने," तो भर क्लबात म्हणाला. "लाज कशी वाटत नाही?"

उन्मेष गप्प राहिला. गप्प बसतो तो चोरच, हे चारुदत्तचं शहाणपण. चोराला रंगेहाथ धरायचं म्हणून त्याने मुठीवर फणसाचा चीक चोळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने सगळ्यांदेखत उन्मेषचे हात तपासले. दोन्ही स्वच्छ. धुसफुसत रॅकेट दांडीला धरून तो घरी आला, तर बायको पद्मजा सावनीच्या तळव्याला खोबरेल चोळत बसलेली.

"किल्ली उन्मेषकाकांनी दिली," सावनी म्हणाली. "तुम्हाला सांगू नका म्हणून मीच गळ घातली त्यांना."

"आणि त्याने माझं ऐकून घेतलंन?"

"घेतलं. तुम्ही बोललात ना वाट्टेल ते."

त्याने तिचा अंगठा पाहिला. झीज एवढ्याशा अंगठ्याची होती. उन्मेषचा पंजा सुपाएवढा. सुतळीचा पीळ न् पीळ ओळखणाऱ्याला हे दिसलं नव्हतं, कारण त्याला फक्त उन्मेष दिसत होता. त्याला स्वतःचाच संताप आला.

"आण तो हात," तो रॅकेटची मूठ घट्ट धरून म्हणाला. "तुझ्या मापाने बांधून देतो ही."

सावनीने हात मागे घेतला. "नको. दुपारी काकांनी बघितला माझा हात. ते त्यांची बांधून देणारेत. यापुढे मी त्यांच्याकडेच शिकणार."

चारुदत्त रॅकेट खाली ठेवायला गेला, तर ती तळव्याला चिकटली होती. पद्मजाने खोबरेलाच्या बाटलीला बूच लावलं आणि ती फळीवर ठेवून दिली.