आबांनी बंद केलेला ब्लोअर

आबांना देवमाणूस म्हणू नका. ब्लोअर त्यांनीच बंद केला होता.

सकाळपासून सगळे त्यांचा फोटो टाकतायत, खाली हात जोडतायत. टाका. पण त्या टाकीत मी होते, म्हणून मलाही बोलू द्या.

आज वर्ष झालं.

धुळ्याच्या एमआयडीसीत आमचं टँकर बनवायचं वर्कशॉप. आबा हेड वेल्डर. मी साक्रीची, आयटीआय करून आलेली, वर्कशॉपमधली एकटी बाई.

पहिल्याच दिवशी आबा मालकाला म्हणाले, "हाई पोर ठिणगी पडनी की पयी जाई."

मी पळाले नाही. मग त्यांनी असं शिकवलं की कान किटले.

वेल्डिंगच्या दोन पद्धती. पातळ पत्रा असेल तर शॉर्ट आर्क. सीओटू गॅस, बारीक नोझल, आतली टिप तोंडाशी आलेली. कढईत भजी सोडल्यासारखा तडतड आवाज.

जाड प्लेट असेल तर स्प्रे. आर्गनचं मिक्स, मोठं नोझल, टिप जरा आत सरकलेली आणि गॅस भरपूर. तडतड नाही, नुसती एकसारखी सरसर.

स्प्रेला बारीक नोझल लावलेलं दिसलं की आबा वेल्डिंगचा टॉर्च हातातून काढून घ्यायचे. "चहाना कपमा आंघोय करशी का?"

टाकीत उतरायचा नियम मात्र ते ओरडून सांगायचे नाहीत. हळू आवाजात सांगायचे. आमचे आबा टाकीला घाबरायचे, सगळ्यांना माहीत होतं, आम्ही चिडवायचो पण.

"गॅस जड शे. पानीसारखा तळले बसस. दिसत नही, वास येत नही. मझार कोनी पडनं तर त्याना मांगे मझार जावानं नही. पहिले गॅस बंद, ब्लोअर चालू, मंग दोर. एक गया तर एकच जाऊ द्या."

(मझार म्हणजे आत. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगते.)

त्या दिवशी टाकीच्या तळाला जाड प्लेट जोडायची होती. दुसऱ्या दिवशी पार्टी टेस्टिंगला येणार, म्हणून घाई. स्प्रे लावला. मी आत, आबा वर मॅनहोलपाशी, टाकीत ताजी हवा ढकलणारा ब्लोअर चालू.

जोडात छिद्रं पडली.

ब्लोअरचा वारा गॅस उडवून लावतो. गॅस उडाला की वितळलेल्या लोखंडात हवा शिरते. घासून काढलं, पुन्हा भरलं. पुन्हा छिद्रं. आणखी मोठं नोझल लावलं, गॅस वाढवला. तरी तेच.

मग आबा वरून म्हणाले, "थोडा येळ ब्लोअर बंद करस मी. जोड पूरा कर आनि वर ये."

वारा थांबला आणि जोड सुंदर आला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जवळून बघायला मी खाली वाकले.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

लोक विचारतात, गुदमरलं असेल ना?

नाही. गुदमरलं असतं तर मी वर पळाले असते. खोकला नाही, छातीत काही नाही. मला भीतीच वाटली नाही.

ती भीती आता वर्षभर वाटतेय.

दूध तापत ठेवलं तरी खिडक्या उघडते. बाथरूमला कडी लावत नाही, सासूबाई बाहेर पहारा देतात. एसटीत खिडकी मिळाली नाही तर उतरून जाते. दुपारी मुलगी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. "मम्मी, जिवंत आहे मी!" म्हणून ती खेकसते. मला हसू येत नाही.

पुढचं विलासने सांगितलं. विलास आमचा फिटर, तेव्हा आबांच्या शेजारी उभा होता.

टॉर्चचा आवाज थांबला. आबांनी हाक मारली, "सुनी!" पुन्हा मारली. वाकून पाहिलं. गॅस बंद करायला लावला, ब्लोअर चालू करायला लावला. एक जण दोर आणायला पळाला.

इथपर्यंत सगळं नियमाने. आता फक्त थांबायचं होतं. एवढी मोठी टाकी लगेच थोडीच मोकळी होते.

विलास म्हणतो, आबा मॅनहोलमध्ये एक पाय टाकायचे आणि परत बाहेर काढायचे. तोंड कोरडं पडलेलं. विलासने त्यांचा शर्ट धरला.

"आबा, तुमीच सांगतस ना, मांगे जावानं नही!"

आबा म्हणाले, "सोड."

खाली उतरून त्यांनी मला उचललं आणि वर विलासच्या हातात दिलं. विलास मला बाहेर ओढत होता तेवढ्यात ते तिथेच खाली बसले. दोर आला, पण आबा गेले होते.

उद्या पुन्हा तसलीच टाकी आहे. मालक म्हणतो दुसऱ्याला पाठवतो. मी म्हटलं, मीच उतरते.

वेल्डर मित्रांनो, हात जोडते. छिद्रं पडू द्या. जोड घासून पुन्हा भरता येतो. पार्टी बोंबलू दे. ब्लोअर बंद करू नका.

आज शिंदखेड्याजवळ आबांच्या गावी वर्षश्राद्धाला गेले होते. पंगत उठल्यावर अक्का, म्हणजे आबांच्या बायकोने, मला मागच्या ओट्यावर बोलावलं. वर्षभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज ऐकवणार, असं वाटलं.

त्यांनी एवढंच विचारलं, "मझार गयात तव्हय त्यासले माहीत व्हतं का, पोर?"

नाही म्हणणं सोपं होतं. माझ्याने म्हणवलं नाही.

"माहीत व्हतं अक्का. बठ्ठं, सगळं माहीत व्हतं. भलता भ्यायेल व्हतात."

अक्कांनी माझा हात धरला.

"आनि तरीबी गयात," त्या म्हणाल्या.

आबा, मला श्रद्धांजली लिहिता येत नाही. तुम्ही चुकलात, त्याचा राग आहे. तुमच्यामुळे माझी पोर आज मला मम्मी म्हणते. मला अजून खूप भीती वाटते.

निरोप देते. या आता.

तुमची सुनी