आश्रुबाचा करदोडा

गंगाखेडच्या कापूसबाजारात मी तोलारी होतो, आणि माझा काटा कधी खोटं बोलत नाही याचा मला भारी ताठा होता. सत्तावन्न सालच्या पोळ्याला आश्रुबा हमाल त्या काट्यावर उभा राहिला. दोन मण भरला. ढेरीमुळं नदीचा घाट चढताना त्याला धाप लागायची, म्हणून त्यानं अंग उतरवायचं ठरवलं. मग रोज वाळूत धावणं, दोनशे बैठका, गूळ बंद.

संक्रांतीला तो पुन्हा काट्यावर चढला. दोन मणच! छटाकभरही कमी नाही. मी खदखदून हसलो. "आश्रुबा, फुकट घाम गाळलास की रे!" त्याचं तोंड उतरलं.

भाकरी घेऊन आलेली त्याची बायको पारूबाई मात्र भडकली. पोळ्याला बांधलेला करदोडा तेव्हा त्याच्या कमरेत रुतायचा. तिनं लाज सोडून त्यात चार बोटं घालून दाखवली.

"भाऊ, मणभर कापसाला केवढं पोतं लागतंय? अन् मणभर सरकीला?"

हे तर मी रोज तोलत होतो.

"ह्यांच्या अंगातला कापूस गेलाय, सरकी भरलीय. चरबी झडली, मांस आलं. तुमच्या काट्याला ते कळत न्हाई, माझ्या दोऱ्याला कळतंय!"

आश्रुबानं सरकीचं भरलं पोतं पाठीवर घेतलं, सरळ घाट चढला आणि वरून खणखणीत हाक मारली, "तोलारी, आता तुमी या वर!"

मी निघालो. निम्म्या पायऱ्यांवरच बसलो.