बैठकीची उपस्थिती : एक

संघटनेच्या एकाही बैठकीला मी गैरहजर राहिले नाही, कारण मी गेले नसते तर बैठकच झाली नसती.

नव्वदनंतरची वर्षं. कॉलेज संपलं तरी शेळगावला परत न जाता मी बारामतीत खोली घेऊन राहिले. मागणी साधी होती. आमच्या फाट्यावर बायका दोन-दोन तास एस.टी.ची वाट बघत उभ्या असतात, तिथं बायकांसाठी मुतारी पाहिजे. मी पत्रक काढलं. त्यात 'मुतारी' हा शब्द अकरा वेळा, जाड टायपात. बारामतीच्या बायका पहिली ओळ वाचत आणि घडी घालून पिशवीच्या तळाशी सारत. (समाज असा आहे म्हणून तर पत्रकं काढावी लागतात.)

तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निघतानाच बजावलं होतं, "एक वरीस देतो. माणसं जमली तर ऱ्हा. न्हाय जमली तर गपगुमान घरला यायचं."

म्हणून मी कळवून टाकलं, माणसं जमली. पाच-सहा जणी तर रोज माझ्याबरोबर जेवायलाच असतात.

तिथं फसले. माझा डबा रोज सकाळी गावाकडनं एस.टी.नं यायचा आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. दुसऱ्या दिवसापासून आईनं तीनऐवजी बारा भाकरी पाठवायला सुरुवात केली.

खताच्या दुकानात फुकट मिळालेली एक डायरी होती. कार्यकर्त्याला शिस्त हवी, म्हणून मी तिच्यात रोज याद्या करायची.

'भाकरी आल्या : १२. खाल्ल्या : ३. घरमालकिणीची म्हैस : ९.'

'बैठक. उपस्थिती : १ (मी). ठराव एकमताने मंजूर.'

'आज बोललेली माणसं : दूधवाला, कंडक्टर.' दुसऱ्या दिवशी : 'कंडक्टर.' (दूधवाला लग्नाला गेला होता.)

घरमालकीण खूश होती. "तुझ्या संघटनेचा गुण बरं का. म्हैस लिटरभर जास्त देतीय."

असे दहा महिने गेले. मग एका शनिवारी डब्याचं झाकण सैल झालं. सांडायला नको म्हणून मी झाकणावर डायरी दाबली, पिशवीला गच्च गाठ मारली आणि डबा गाडीत दिला. त्या दिवशीच्या यादीत शेवटचं काम होतं, 'डायरी जपून ठेवणे.'

रविवारी सकाळी डबा आलाच नाही. म्हैस माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. अकराला नेहमीप्रमाणे बैठक सुरू करणार, तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. तात्या चालवत होते. मागनं आई उतरली, धाकटी बहीण मंगल उतरली, शेजारच्या शेवंताकाकू उतरल्या, आणि बायका उतरतच राहिल्या. एकूण बारा.

आईनं खोलीभर नजर फिरवली. "कुठं हाय संघटना?"

"आज जरा कमी आल्यात."

"ही घे तुजी डायरी. मंगलनं समदं वाचून दावलंय. म्हशीपर्यंत."

मंगल छताकडं बघायला लागली.

मला वाटलं, आता सामान बांधायचं. पण आई पत्रकांच्या गठ्ठ्यावरच बसली. "फाट्यावर उभं कोण ऱ्हातं? आमी. आन कागूद वाटलास कुणाला? बारामतीच्या बायकांस्नी. त्यांच्या घरात एकाला दोन हायत."

"तुम्हाला लाज वाटेल असं वाटलं मला."

"लाज?" शेवंताकाकू म्हणाल्या. "फाट्यावरली झुडपं तोडली तवापासनं आमी तिथं काय काय धरून उभ्या ऱ्हातो, ते तुज्या कागदात मावायचं न्हाय."

पत्रकात मी 'जागे व्हा' असं आठ वेळा छापलं होतं. झोपलं कोण होतं, ते त्या दिवशी कळलं.

बैठक झाली. पहिला ठराव, मुतारी झालीच पाहिजे, एकमताने मंजूर. दुसरा आईनं मांडला, अध्यक्षांनी दर रविवारी घरी येऊन जेवावं. बारा विरुद्ध एक. लोकशाहीवर मी चार पत्रकं काढलेली, त्यामुळं ठराव लिहून घेतला.

तात्या बाहेर म्हशीपाशी थांबले होते. बायकांच्या बैठकीत ते कशाला येतील?

"किती जमल्या?" त्यांनी विचारलं.

"तेरा."

बराच वेळ त्यांनी म्हशीची पाठ खाजवली. "मग ऱ्हा," म्हणाले.

पुढच्या रविवारी घरी गेले. त्या पानावर नोंद आहे, 'भाकरी खाल्ल्या : ५. आज बोललेली माणसं : मोजायची राहिली.'

डब्यात मात्र आता तीनच भाकरी यायला लागल्या. आठवड्याभरात म्हैस लिटरभर खाली उतरली. घरमालकीण दारात येऊन हळहळली, "कशी गं फुटली तुझी संघटना? चांगली चालली होती की!"